पाणी पसरेपर्यंत

रुपयाचं नाणं रंगाच्या उचललेल्या कडेखाली सरकवलं आणि हलकेच वर ओढलं, तर वीतभर लांबीची निळी साल सलग हातात आली. केळीच्या सोपटासारखी लवचिक. उलटी करून पाहिली तर आतली बाजू गुळगुळीत, तिला होडीचा एक कणही चिकटलेला नव्हता. २०२४ च्या जुलैत मी आणि मामांनी चार रविवार खपून दिलेला हा रंग. वर्षभर तो होडीवर नुसता पांघरलेला होता, इतकंच.

मामांनी तांब्याभर पाणी त्या उघड्या पडलेल्या जागेवर ओतलं. पाण्याचे मणी झाले आणि अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे खाली वाळूत पडले. मामा बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘पाणीच धरत नाय, तर रंग कसा धरेल?’’

२०२५ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. अर्नाळ्याच्या किनाऱ्यालगत, माडांच्या सावलीत, मामांच्या अंगणात बावीस फुटांची फायबरची होडी उलटी घालून ठेवली होती. दहा-बारा जणांनी ओंडक्यांवरून सरकवत तिला आत आणलं होतं. मागे लावायचं इंजिन, ज्याला इथे सगळे ओबीएम म्हणतात, ते काढून पडवीत उभं केलं होतं. समोर खाडीच्या पाण्यापलीकडे अर्नाळ्याचा किल्ला. त्या बेटावर जायला आजही होडीच लागते. वसई-विरार महापालिका झाली, पालघर जिल्हा झाला, विरारच्या इमारती आगाशीपर्यंत येऊन ठेपल्या. पण किल्ल्यावरच्या माणसाला दूध आणायचं तरी होडी आणि दवाखान्यात जायचं तरी होडी. म्हणून इथे होडीचा रंग ही हौस नसते. वसईच्या पाचूबंदर-किल्लाबंदरला जा किंवा नायगावच्या कोळीवाड्यात जा, नाळेवर क्रूस रंगवलेला असो की एकवीरेचं नाव, मोसम संपला की प्रत्येक घरासमोर हेच काम निघतं. डोल जाळी टाकणाऱ्या मोठ्या नौकांना रंगारी लावतात. लहान होडीवाला स्वतःच हातात ब्रश घेतो, कारण रंगाऱ्याची मजुरी परवडायला आधी तेवढी मासळी लागावी लागते.

या कामाचं वेळापत्रक सरकारने आणि पावसाने मिळून ठरवलेलं आहे, आणि ते रंगाच्या मुळावरच येतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मासळीच्या विणीचा काळ असतो, समुद्रही खवळलेला असतो. बंदी हवीच, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण होडी जमिनीवर असते ते नेमके तेच दोन महिने, जेव्हा हवेत पाणी मावत नाही. लाकडाची होडी असताना याने फारसं बिघडत नसे. नौका शाकारून ठेवायची, झावळ्या किंवा ताडपत्री घालायची, आणि उघाड मिळेल तसं फटींत कापूस ठासायचा, तेल पाजायचं. ‘पाजायचं’ हा शब्दच सांगतो की लाकूड तेल पीत होतं. फायबर काही पीत नाही. त्याच्यावर दिलेली प्रत्येक गोष्ट वरच राहते, आणि तिला वर धरून ठेवायची जबाबदारी देणाऱ्याची असते.

मामांच्या वडिलांची लाकडी होडी मी लहानपणी पाहिली आहे. माशाच्या तेलाचा आणि राळेचा तो वास मामांच्या घराच्या भिंतींतून कधी गेलाच नाही. त्या होडीच्या प्रत्येक अवयवाला नाव होतं. पुढची नाळ, खालचा पठाण, आतल्या बरगड्यांचे वांक. कोणतं लाकूड कुठे, कीड कुठून शिरते, तळ कधी शेकायचा, हे सगळं बोलण्यात होतं. आगाशी हे जहाजबांधणीचं जुनं, नावाजलेलं बंदर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्यावर हल्ले केले ते काही उगाच नव्हेत. पुढे १७३९ पर्यंत वसई त्यांच्या ताब्यात राहिली आणि इथलं लाकूड त्यांच्या जहाजांना पुरलं. म्हणजे लाकूड आणि मीठपाणी यांचं कसं जमवायचं, हे या किनाऱ्याला कैक शतकांचं ठाऊक आहे.

फायबर त्यामानाने काल आलं. काचेचे केसाहून बारीक धागे काढून त्यांची चटई करायची आणि ती पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून साच्यात थर चढवायचे, ही युक्ती अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४० च्या सुरुवातीला आकाराला आली. १९४२ मध्ये ओहायोतल्या रे ग्रीन यांनी अशी छोटी होडी तयार केली. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने लाकडावर फायबरचं आवरण चढवण्यापासून पुष्कळ काम केलं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीतून फायबरच्या होड्या हजारोंनी आल्या. सागवानाचे भाव चढत गेले, कीड फायबरला लागत नाही, होडी हलकी आणि इंजिनाला तेल कमी. कोण नको म्हणेल? प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुनी होडी बदलायला मदतीची तरतूद केली गेली. होडी बदलण्यासाठी हे सगळं आहे. होडी बदलली की तिची निगा कशी राखायची, हे मात्र मराठीत कुणी नीट लिहून दिलेलं माझ्या पाहण्यात नाही. डब्यावरची बारीक अक्षरं इंग्रजीत असतात आणि दुकानदार सांगेल ते खरं. आम्हाला २०२४ मध्ये दुकानात सांगितलं होतं, ‘थोडं घासा आणि मारा.’ आम्ही थोडं घासलं आणि मारला.

आमचं कुठे चुकलं, ते होड्यांचं फायबरकाम करणाऱ्या एका कारागिराने साध्या शब्दांत उलगडलं. लाकडी होडी पठाणापासून सुरू होते, फायबरची होडी रंगापासून. साच्याच्या आतल्या अंगाला आधी मेण लावतात, म्हणजे होडी सुटून यावी. मेणावर जेलकोट म्हणजे रंगीत रेझिनचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर, त्यामागे मॅट म्हणजे ती काचेची चटई आणि रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. होडी साच्यातून निघाली की जो थर सगळ्यात आधी घातला तो सगळ्यात बाहेर येतो, आणि त्याच्यावर साच्याचं मेण. त्यावर पुढे डिझेलचे ओघळ, बोंबलाचं तेल, हाताचा चिकटा. असा पृष्ठभाग आधी घासला, तर घासायचा कागद मेण काढत नाही, ते ओरखड्यांत भरून टाकतो. आम्ही नेमकं तेच केलं होतं. आधी पुसायचं, मग घासायचं. आणि पुसायचं ते दोन फडक्यांनी. एक थिनरमध्ये भिजलेलं, दुसरं कोरडं. ओलं फडकं तेल-मेण सोडवतं आणि कोरडं ते उचलतं. एकच फडकं फिरवत राहिलं, तर इथलं मेण तिथे, एवढंच होतं.

या वेळी आम्ही दर हातभर जागेला फडकं बदललं. मामींनी जुन्या सुती साड्या फाडून दिल्या. तीन साड्या संपल्या.

मग होडी वाजवून पाहिली. नारळ घेताना वाजवतो तशी, फक्त इथे हातोडीच्या लाकडी दांड्याने. चांगल्या जागी टणक आवाज येतो. आत थर सुटले असतील किंवा पाणी असेल तिथे आवाज बसका येतो. मामा डोळे मिटून वाजवत चालले आणि मी खडूने फुल्या मारत मागे. अकरा फुल्या झाल्या. त्यातल्या चार ठिकाणी वाटाण्याएवढे फोड होते. एक फोडला तर चिकट पाणी आलं आणि शिरक्यासारखा आंबट वास. जेलकोटमधून पाणी इतकं हळू झिरपतं की कळतही नाही. आतल्या रेझिनमधले काही पदार्थ त्यात विरघळतात आणि ते दाट झालेलं पाणी बाहेरून आणखी पाणी ओढून घेतं. फोड वर येतो तो त्या दाबाने. त्यावर नुसता रंग देणं म्हणजे गळू झाकणं. फोडायचं, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं, कित्येक दिवस सुकू द्यायचं आणि मगच लांबी भरायची. घराच्या भिंतीची लांबी इथे चालत नाही. ती पाणी पिते. इपॉक्सीचीच लागते.

नाळेजवळ, जिथे होडी वाळूवर आदळते, तिथे चांदणीसारख्या बारीक भेगा होत्या. त्या रंगाने बुजतात असं वाटतं, पण पहिल्याच मोठ्या लाटेला पुन्हा उघडतात. भेग आधी कोरून रुंद करावी लागते. मामांना हे जिवावर आलं. धड दिसणारी होडी आपल्याच हाताने कोरायची! पण त्यांनी कोरली.

आता धूळ. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कोळीवाड्यांमध्ये याबद्दल कुणी बोलत नाही. फायबर घासताना उडते ती काच असते. बारीक, पण काचच. अंगाला लागली की खाजते, हे सगळ्यांना माहीत आहे आणि लोक त्यावर हसून पुढे जातात. छातीत गेलेली धूळ खाजत नाही, म्हणून तिची आठवण राहत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. धुळीसाठी घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो, थिनरच्या आणि रंगाच्या वाफांसाठी कार्बनच्या डब्या असलेला वेगळा. सर्वांत सोपा उपाय म्हणजे कोरडं घासूच नये. वॉटर पेपर, शेजारी बादली, आणि पाणी मारत मारत घासणं. धूळ उडत नाही, तिचा चिखल होऊन खाली ताडपत्रीवर साचतो. आम्ही १२० नंबरने सुरुवात केली आणि २२० वर थांबलो. पहिल्या दिवशी मामांनी घासायचे कपडे सवयीने घरच्या धुण्यात टाकले. संध्याकाळी नातवाच्या अंगावर पुरळ उठलं तेव्हा मामींनी सगळ्यांदेखत सांगितलं, ‘‘होडीचे कपडे घराचा उंबरा ओलांडणार नाहीत.’’ तेव्हापासून माडाला एक खिळा ठोकला, त्यावरच ते राहिले.

पॉलिएस्टर रेझिनच्या हार्डनरचंही तसंच. मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड हे त्याचं पूर्ण नाव. पाण्यासारखं दिसतं, शंभर ग्रॅम रेझिनला एक-दोन ग्रॅम पुरतं. डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. आणि रेझिन लवकर धरावं म्हणून जे कोबाल्टचं जांभळं द्रावण घालतात, ते आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर नंतर. दोन्ही बाटल्या एका पिशवीत ठेवायच्या नाहीत. मी हे घरोघर जाऊन सांगायला तयार आहे.

मेच्या चौथ्या आठवड्यात होडी घासून, भरून तयार झाली. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले. आमच्या डब्याचं प्रमाण चारास एक होतं, आणि ते ‘साधारण’ चालत नाही. ऑइलपेंटात थिनर जरा कमी-जास्त झालं तरी रंग सुकतो. इपॉक्सी सुकत नाही, ते दोन द्रव्यांच्या क्रियेने घट्ट होतं. एक कमी पडलं तर दुसरं कायमचं चिकट राहतं. मामेबहिणीने दोन सारखे प्लॅस्टिकचे पेले घेऊन त्यांवर रेघा मारल्या आणि डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘४ मापं मोठा डबा, १ माप लहान डबा. मोजल्याशिवाय ओतू नये.’ थोडं थोडंच कालवायचं, हेही ती शिकली. मोठ्या भांड्यात एकदम कालवलेला लगदा स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि हातात धरवेनासा होतो.

वरच्या रंगाला चार कोरडे दिवस हवे होते. २६ मेला पाऊस आला. मुंबईत मान्सून त्याआधीच्या कित्येक दशकांत इतक्या लवकर दाखल झाला नव्हता. अर्नाळ्यात सगळ्यांचीच धांदल उडाली. बोंबील मांडवांवर, जाळी किनाऱ्यावर, काही होड्या अजून पाण्यात. आम्ही ताडपत्री ओढली आणि बसलो. आदल्या वर्षीचा मोह पुन्हा झाला. उघाड पडली की उरकून टाकू. पण मी एक आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं. जूनच्या सकाळी ते ९० च्या वर असे आणि पाऊस थांबलेला असतानाही दुपारी ८५ च्या खाली उतरत नसे. रंगवाल्यांचा साधा नियम आहे की ८५ च्या वर ब्रश उचलू नये, आणि होडीचं अंग दवबिंदूच्या तापमानापेक्षा किमान तीन अंशांनी उबदार असावं. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा अंगावर असतोच आणि रंग त्याच्यावर बसतो. आमचा २०२४ चा रंग मेणावर बसला होता आणि वर जुलैच्या दमटपणावर.

होडी ताडपत्रीखाली असतानाच, १८ जूनला, विशाखापट्टणमला नौदलात ‘आयएनएस अर्नाळा’ दाखल झाली. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्या नव्या जहाजांतलं पहिलं, आणि नाव आपल्या किल्ल्याचं. मामांनी बातमी मोबाइलवर तीनदा पाहिली. राखाडी रंग बघून म्हणाले, ‘‘एकसारखा बसलाय.’’ त्या दिवशी त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

तळाला कोणता रंग द्यायचा, यावर जुलैभर घरात वाद चालला. खाडीत उभी राहणारी होडी महिन्याभरात खालून खरबरीत होते. शेवाळ धरतं, पांढरे टोकदार शिंपले बसतात, आणि इंजिन जास्त तेल पितं. त्यावर विषारी रंग मिळतो, आजकाल बहुधा तांब्याच्या ऑक्साइडचा. एकेकाळी त्यात कथिलाचं एक संयुग असे, टीबीटी नावाचं. फार गुणकारी. पण १९७० च्या दशकात फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची पिल्लं जगेनाशी झाली, मोठ्या कालवांची कवचं वेडीवाकडी जाड झाली. शोध घेतला तर कारण हौशी होड्यांच्या तळाचा रंग निघालं. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, तेही पाण्यात नावापुरतं विष असताना. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान होड्यांवर तो बंद केला आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच त्याला बंदी आली. आपल्याकडे ओहोटीला खडकांवर वाकून कालवं फोडणाऱ्या बायका रोज दिसतात. त्यांत मामीही असतात. जो रंग शिंपल्याला मारण्यासाठी बनवला आहे, तो हळूहळू पाण्यात सुटूनच काम करतो. मामी म्हणाल्या, ‘‘म्हणजे तुमच्या होडीचं माझ्या पाटीत येणार.’’ त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मामांची होडी तशीही आठवड्यातून दोनदा वाळूवर ओढली जाते. त्यांनी साधा कठीण रंग घेतला आणि तळ दर वेळी ब्रशने घासायचं कबूल केलं. रोज पाण्यातच राहणाऱ्या मोठ्या नौकांना हे जमणार नाही, हे मला कळतं. पण जुना तळाचा रंग खरवडताना खाली ताडपत्री घालणं आणि तो चुरा खाडीत न लोटणं, एवढं तर प्रत्येकाला जमेल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उघाड मिळाली. बंदी संपली होती, शेजारच्या होड्या पाण्यात जाऊ लागल्या होत्या. मामांची होडी अंगणात. दोन महिने राहिलेल्या प्रायमरवर थेट रंग धरत नाही; तो आधी गोड्या पाण्याने धुतला, पुन्हा २२० ने घासला. यंत्र अकरा वाजता ७८ दाखवू लागलं. रंग दोन डब्यांचा पॉलियुरेथेन. हा फवाऱ्याने मारला तर आरशासारखा बसतो, पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला जन्मभराचा दमा देऊ शकते. घरी, अंगणात, पोरं खेळत असताना फवारा नकोच. मी रोलर फिरवत पुढे आणि मामा मऊ ब्रशचं नुसतं टोक टेकवत मागे, असे आम्ही सरकत गेलो. रोलरचे बुडबुडे ब्रशखाली विरत होते. थांबलं की जोड दिसतो, म्हणून थांबायचं नाही. चार वाजता बंद, कारण सांजेचं दव ताज्या रंगाची चकाकी मारून टाकतं. पाण्याच्या रेषेसाठी गवंड्याकडून नळीची पाणसळ आणली. नाळ ते मागची फळी रेघ अशी सरळ आली की मामा दोनदा लांब जाऊन बघून आले.

रंग मनाचा निवडता येत नाही, हेही सांगायला हवं. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातूनच, एक मासेमारी नौका बळकावून आले होते. त्यानंतर नौकांची ओळख लांबून पटावी म्हणून किनारी राज्यांना रंगांच्या वेगवेगळ्या जोड्या ठरवून दिल्या गेल्या आणि नोंदणीचा नंबर ठळक लिहिणं आलं. डबा घेण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारून घेतलेलं बरं. नंबर मामेबहिणीने लिहिला, नाव मामांनी.

रंग हाताला सुकलेला लागतो तो दुसऱ्या दिवशी. आतून घट्ट व्हायला आठवडा जातो. हा आठवडा मामांना फार कठीण गेला. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला तो शेजाऱ्याच्या होडीतून. पोरं विचारत, ‘‘तुमची कधी?’’ ते बोटं मोजून दाखवत.

होडी पाण्यात गेल्यानंतर चार दिवसांनी बाजूच्या वाड्यातले दोघे आले. त्यांचीही फायबरचीच, रंग उडालेली. त्यांनी रिकाम्या डब्यावरच्या मार्करच्या अक्षरांचा फोटो काढला. मग एकाने विचारलं, ‘‘घासायचं म्हणता, पण किती घासायचं?’’

मामांनी तांब्या उचलला आणि त्यांना घेऊन त्यांच्या होडीकडे गेले. तिच्यावर पाणी ओतलं. मणी झाले, घरंगळले.

‘‘हे असं होतंय ना,’’ मामा म्हणाले, ‘‘ते व्हायचं थांबेपर्यंत. पाणी पसरेपर्यंत.’’